वऱ्हाडचें भूस्वरूप आणि जुन्या कागदांतील स्थलनिर्देश

वऱ्हाडप्रांताच्या इतिहासाचीं साधनें दिवसेंदिवस उजेडांत येत आहेत. महजर, सनदा, ताळेबंद, महानुभावीय पोथ्या, तीर्थोपाध्यायांच्या वह्या असे नाना प्रकारचे कागद संग्राहकांच्या हातीं लागतात. त्यांची लिपि लावणें, मिति बसविणें, शिक्के वाचणें या कामीं आपल्या मंडळींनीं चांगलें प्राविण्य संपादिलें आहे. परंतु कागद कोणत्या भूमीवरचा, हा प्रश्न मागें राहतो, किंवा नुसत्या गांवाच्या नांवावरून त्याचा निकाल लावण्यांत येतो. वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर ही पद्धति धोक्याची आहे. एकाच नांवाच्या दोन नद्या, एकाच नांवाचे दोन डोंगर आणि एकाच नांवाचे तीनचार प्रदेश या कागदांत येतात. आणि एकदां चुकीच्या रुमालांत बांधलेला कागद पुढें दोन पिढ्या कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. तो हरवल्यासारखाच होय. म्हणून या प्रांताचें भूस्वरूप थोडक्यांत सांगून, तें ध्यानांत ठेविलें असतां स्थलनिर्णय कसा सुकर होतो, हें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. उत्तरेकडील सुभा

बहमनी राज्याचे आरंभीं चार तरफ होते. गुलबर्गा, दौलताबाद, बेदर आणि वऱ्हाड. त्यांपैकीं वऱ्हाड हा उत्तर सीमेवरचा विशाल प्रांत. १४९० साली इमादशाहीच्या रूपानें तो स्वतंत्र झाला, १५७४ साली निजामशाहींत गेला, १५९६ साली मोंगलांकडे आला. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाची सत्ता येथें बसली, आणि तिच्या जोडीस नागपूरकर भोसल्यांचा अंमल चालूं लागला. १८५३ साली कारभार इंग्रजांकडे गेला, १९०३ साली प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० साली महाराष्ट्रांत आला. आज अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ साली अकोल्यांतून निघालेला वाशीम, हे पांच जिल्हे मिळून वऱ्हाड समजतात.

पण या नांवाची व्याप्ति सर्व काळीं एक नव्हती. आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या ज्या सरकारांची गणना आहे त्यांत गाविल, नरनाळा, वाशीम, मेहकर यांबरोबर खेरला, पवनार, माहूर, माणिकदुर्ग, पाथरी हींहि येतात. खेरला बैतुलाकडे, पवनार वर्धेच्या पलीकडे, माणिकदुर्ग चंद्रपुराकडे, पाथरी गोदावरीच्या खोऱ्यांत. म्हणजे सोळाव्या सतराव्या शतकांतील कागदावर ‘सुभे वऱ्हाड’ असें असलें, तर तेवढ्यावरून तो अमरावती-अकोल्याचा ठरत नाहीं. राज्यकर्त्यांच्या सीमा बदलतात. पाण्याचा उतार व डोंगराची ओळ बदलत नाहीं. सरकारें आणि परगणे कोठें आंखले हें समजून घेण्यास याच दोन गोष्टींचा आश्रय करावा लागतो.

२. मेळघाट, पाइनघाट, बालाघाट

उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालें असतां वऱ्हाडाचे तीन आडवे पट्टे स्पष्ट दिसतात.

पहिला मेळघाट. हा सातपुड्याचा भाग असून गाविलगडचे डोंगर या नांवानेंहि ओळखला जातो. चिखलदरा सुमारे ३,६०० फूट उंचीवर असून जवळचें वैराट शिखर त्याहूनहि उंच आहे. ह्या डोंगराचा दक्षिणेकडचा कडा मैदानावर एकदम तुटून उतरतो, उत्तरेकडचा उतार मात्र दऱ्याखोऱ्यांचा व लांबवर पसरलेला आहे. त्यामुळें खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार ह्या पांच नद्या उत्तरेस वाहत जाऊन सरळ तापीस मिळतात. शहानूर, चंद्रभागा इत्यादि दक्षिणेकडच्या नद्या पूर्णेस मिळून मग फेऱ्यानें तापीस जातात. डिसेंबर १८०३ मध्यें गाविलगड पडला तो याच रचनेमुळें. मैदानाकडून अभेद्य दिसणारा हा किल्ला उत्तरेकडे पठाराशीं जोडलेला आहे. इंग्रजी फौजेनें मोठ्या तोफा डोंगरांतून ओढीत त्या बाजूस नेल्या आणि तेथून तट फोडला.

दुसरा पाइनघाट. फारशींत पायीन म्हणजे खालचा व बाला म्हणजे वरचा. घाटाखालचा तो पाइनघाट, घाटावरचा तो बालाघाट. उत्तरेस गाविलगडचा डोंगर व दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांमधलें हें चाळीस ते पन्नास मैल रुंदीचें पूर्वपश्चिम पसरलेलें मैदान होय. अमरावती जिल्ह्याचा बहुतेक भाग, अकोला, आणि बुलढाण्याचा उत्तर भाग यांत येतो. अकोला शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० फुटांवर आहे. या मैदानाच्या मधून पूर्णा नदी पश्चिमेकडे जाते. मुंबईहून नागपुरास १८६७ साली पोंचलेला लोहमार्ग मलकापूर, शेगांव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या क्रमानें याच सखल पट्ट्यांतून आला आहे.

पूर्णेच्या दोन्ही तीरांस नदीनें आणलेल्या गाळाचा थर फार खोल आहे. कांहीं ठिकाणीं शेंकडों फूट खणलें तरी खडक लागत नाहीं, आणि त्यांतलें पाणी खारें. यालाच खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचें क्षेत्र सुमारे पावणेपांच लाख हेक्टर भरतें. या पट्ट्यांतील कागद वाचतांना एक गोष्ट लक्षांत ठेवावी. इतर ठिकाणीं विहीर ही सामान्य वस्तु; येथें गोड्या पाण्याची विहीर ही मोलाची मिळकत होय. त्यामुळें विहिरीच्या किंवा तळ्याच्या हक्कावरून झालेला तंटा, अथवा तिच्या दुरुस्तीस दिलेलें इनाम, यांस येथें जें महत्त्व आहे तें घाटावरच्या तशाच कागदास असेलच असें नाहीं.

तिसरा बालाघाट. मलकापुराकडून राजूर घाट चढून बुलढाण्यास आलें कीं आपण एकदम सुमारे २,१०० फुटांवर येतों. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, वाशीम हा सारा मुलूख आणि पुढें यवतमाळाकडील डोंगराळ प्रदेश यांत मोडतो. अजिंठ्याच्या रांगेचा उत्तरेकडील कडा उभा असून पठार दक्षिणेस व आग्नेयीस उतरत जातें. काटेपूर्णा, मोर्णा, मान ह्या नद्या कड्याजवळ उगम पावून उत्तरेस पूर्णेकडे वाहतात. पण थोडें दक्षिणेस गेलें कीं पाणी उलटतें. पैनगंगा बुलढाण्याजवळच निघून मेहकरावरून आग्नेयीस जाते व शेवटीं वर्धेस मिळते. म्हणून बालाघाटांतील व्यवहार मराठवाड्याशीं व माहुराशीं, तर पाइनघाटांतील व्यवहार बऱ्हाणपुराशीं व खानदेशाशीं अधिक, असा स्वाभाविक ओघ आहे. परगण्यांचे कागद कोठें कोठें विखुरले याचा शोध करतांना हा ओघ उपयोगी पडतो.

बालाघाटांतील लोणारचें सरोवर सर्वश्रुत आहे. अबुल फजलानें त्याची नोंद मेहकराखालीं केली असून ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात व कांच आणि साबण करण्याचे पदार्थ तेथें मिळतात, असें तो सांगतो. हें विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचें आहे. पूर्वीं ज्वालामुखीचें मुख समजलें जाई. आतां तें अशनिपातानें झालें हें सिद्ध आहे.

३. वर्धेचें तीर

या तीन पट्ट्यांच्या पूर्वेस चौथा एक उभा पट्टा आहे, व आमचें तिवसें त्यांतच आहे. अमरावती आणि चांदूर यांच्या दरम्यान पोहरा-मालखेडच्या बाजूस एक ठेंगणी डोंगरओळ आहे. आसपासच्या मैदानाहून ती चारपांचशें फुटांहून अधिक उंच नाहीं. प्रवाशाच्या लक्षांतहि ती क्वचितच येते. पण तिनें केलेली पाण्याची वांटणी पाहण्यासारखी आहे. अमरावतीवर पडलेला पाऊस पेढी नदींतून पूर्णेस, पूर्णेंतून तापीस, आणि सुरतेवरून पश्चिमसमुद्रास जातो. तेथून कांहीं कोसांवर तिवस्याच्या शिवारांत पडलेला पाऊस वर्धेस, वर्धेंतून प्राणहितेस, प्राणहितेंतून गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जातो. एकाच जिल्ह्याच्या दोन तालुक्यांचें पाणी दोन समुद्रांस जावें, ही गोष्ट भूगोलाच्या विद्यार्थ्यांस मौजेची वाटेल. कागदांच्या संग्राहकांस ती त्याहून अधिक कामाची आहे. कारण पेढीकांठचे महाल अचलपुराकडे पाहतात, तर वर्धेकांठचे महाल नदीपलीकडील आर्वी-नागपुराकडे पाहतात.

या प्रांताच्या नांवाचा उगमहि याच तीरावर आहे. रुक्मिणीच्या विवाहास आलेलें वऱ्हाड येथें राहिलें म्हणून वऱ्हाड, किंवा विराटराजाचा देश म्हणून वऱ्हाड, ह्या लोकव्युत्पत्ति सर्वांस ठाऊक आहेत. अबुल फजलानें मात्र मूळ नांव वर्धातट, म्हणजे वर्धेचें तीर, असें दिलें आहे. चारशें वर्षांपूर्वींच्या फारशी ग्रंथकारास ही संस्कृत फोड सांगणारा कोणी तरी येथला जाणता पुरुष असला पाहिजे. भूरचनेशीं ही व्युत्पत्ति चांगली जुळते. पूर्वेकडून येणाऱ्यास हा देश प्रथम नदीचें पैलतीर म्हणूनच दिसतो.

विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर. तिचें स्थान म्हणून मानलें जाणारें कौंडण्यपूर तिवसा तालुक्यांतच वर्धेच्या पश्चिम तीरावर आहे. तेथें १९६० नंतरच्या दशकांत डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं केलेल्या उत्खननांत सातवाहनांच्याहि पूर्वींच्या वसतीचे थर निघाले. राजधानी देशाच्या मध्यभागीं न राहतां कडेस कशी, अशी शंका घेण्यांत येते. पण विदर्भ हा नदीच्या एकाच तीराचा देश, हें गृहीतच तेथें चुकतें. मालविकाग्निमित्राच्या पांचव्या अंकांत यज्ञसेन आणि माधवसेन या दोघां भावांत विदर्भाची वांटणी होते, ती वरदेच्या उत्तर व दक्षिण तीरांनुसार. तेव्हां वरदा ही विदर्भाची सीमा नसून मधली रेषा होती, आणि कुंडिनपूर कडेस नसून मध्यावरच होतें.

यावर दुसरी शंका अशी कीं, तिवस्याजवळ वर्धा जवळजवळ दक्षिणेस वाहते. तिचीं तीरें पूर्व व पश्चिम होत, मग कवीनें उत्तर-दक्षिण कसें म्हटलें? नदीचा सबंध प्रवाह पाहिला म्हणजे ही अडचण राहत नाहीं. बैतुल जिल्ह्यांत मुलताईच्या बाजूस उगम पावून वर्धा एकंदरींत आग्नेयीस जाते. म्हणून तिचें डावें तीर ईशान्येस व उजवें नैर्ऋत्येस पडतें. दूरच्या विदिशेंतून पाहणाऱ्यानें त्यांस उत्तर व दक्षिण म्हणावें हें यथार्थ आहे. आपल्या गांवाजवळ नदी जशी दिसते तशीच ती सर्वत्र आहे असें धरून ग्रंथांतील दिशा लावूं नये, हा याचा बोध.

४. डोंगरांचीं नांवें

आतां नांवांच्या घोटाळ्याकडे वळूं. आईनमध्यें वऱ्हाड हा दोन पर्वतांच्या मध्यें आहे असें म्हटलें असून, गाविल व नरनाळा हे किल्ले ज्यावर आहेत त्या उत्तरेकडील पर्वतास ‘बंदा’ व ज्यावर माहूर आहे त्या दक्षिणेकडील पर्वतास ‘सहिया’ अशीं नांवें दिलीं आहेत. हीं विंध्य आणि सह्य यांचींच रूपें होत. आज आपण विंध्य म्हणतों तो नर्मदेच्या उत्तरेस. गाविलगडच्या डोंगरास सातपुडा म्हणतों. जुने लोक तसा भेद करीत नव्हते. नलोपाख्यानांत नल दमयंतीस विदर्भाची वाट दाखवितो तेथें विंध्य पर्वत आणि पयोष्णी नदी यांचा जोडीनें निर्देश आहे. आणि पयोष्णी म्हणजे आमची पूर्णा, ही समजूत वऱ्हाडांत रूढ आहे. तेव्हां एखाद्या माहात्म्यपोथींत ‘विंध्याच्या दक्षिण पायथ्याशीं’ असें आलें, तर लागलीच नर्मदेकडे धांव घेऊं नये. तें स्थळ अंजनगांव-अचलपुराकडीलहि असूं शकेल.

याच घोळाचें दुसरें उदाहरण राजकीय आहे व म्हणून अधिक महत्त्वाचें. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं आडगांवास भोसल्यांचा मोड झाला, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरास देवगांवचा तह झाला. त्या तहान्वयें भोसल्यांची सरहद्द म्हणून वर्धा नदी ठरली. ‘इंजार्डी’ डोंगरांतून ती निघते तेथपासून गोदावरीस मिळते तेथपर्यंत. हें इंजार्डी म्हणजे काय? अजिंठ्याच्या रांगेस इंध्याद्रि असें एक नांव आहे, आणि नामसाम्यावरून वाचकाचें लक्ष तिकडे जातें. पण वर्धा अजिंठ्याच्या रांगेंत उगम पावत नाहीं. ती सातपुड्यांत उगम पावते. तहांतला इंजार्डी हा उत्तरेकडचाच डोंगर होय, आणि विंध्याद्रि या नांवाशीं त्याचें साम्य उघड आहे. नदीचा उगम ठाऊक असला कीं डोंगराचें नांव आपोआप लागतें. त्याच कलमांत वर्धा गोदावरीस मिळते असें धरलें आहे. वास्तविक ती आधीं वैनगंगेस मिळते, मग त्या जोडप्रवाहास प्राणहिता म्हणतात, व प्राणहिता गोदावरीस मिळते. तहाच्या लेखकांनीं प्राणहितेसहि वर्धाच म्हटलें, असा याचा अर्थ.

ह्या तहानें नरनाळा व गाविलगड हे किल्ले, त्यांचा डोंगर आणि त्यांच्या दक्षिण पायथ्याचे चार लाख रुपये उत्पन्नाचे महाल भोसल्यांकडे राहिले. वर्धेच्या पश्चिमेकडील बाकीचा हक्क, त्यांत निजामाबरोबर चालणारा दुअमली वसूलहि, सुटला. पुढें १८२२ च्या तहानें मेळघाट व पायथ्याचे महाल निजामाकडे आले, वर्धेच्या पूर्वेकडील निजामाचे महाल सुटले, आणि नदी ही खरोखरची सीमा झाली. याचा परिणाम कागदांवर असा दिसतो कीं, १८०३ ते १८२२ या एकोणीस वर्षांत डोंगरपायथ्याच्या एका गांवावर भोसल्यांचा शिक्का असावा आणि चारसहा कोसांवर दक्षिणेस असलेल्या गांवावर निजामाचा असावा. असे दोन कागद एकत्र सांपडले म्हणजे त्यांपैकीं एक बनावट असा संशय घेतला जातो. तो संशय घेण्यापूर्वीं गांव डोंगराच्या पायथ्याशीं आहे कीं पूर्णेच्या कांठीं आहे, एवढें पाहिलें तर पुष्कळ कागदांची अब्रू राहील.

५. नद्यांचीं व प्रदेशांचीं नांवें

वऱ्हाडांत पूर्णा दोन आहेत. एक पाइनघाटांतील, ती बैतुल जिल्ह्यांत भैंसदेहीजवळ उगम पावून चांगदेवापाशीं तापीस मिळते. दुसरी अजिंठ्याच्या रांगेंत आजच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याकडे उगम पावून बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून गोदावरीस जाते. लोक तिला तिच्या वरच्या भागांत खडकपूर्णा म्हणतात, म्हणून बोलण्यांत घोटाळा होत नाहीं. पण लेखकूनें ‘पूर्णातीर’ एवढेंच लिहिलें कीं होतो. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका खासगी संग्रहाच्या यादींत पूर्णातीरच्या एका दानपत्राची नोंद गोदावरीखोऱ्याच्या रुमालांत होती. त्यांतील सीमेच्या वर्णनांत खाऱ्या झिऱ्याचा उल्लेख होता. खारें पाणी पाइनघाटाच्या पूर्णेकडे बोट दाखवितें.

तसेंच चंद्रभागेचें. चंद्रभागा म्हटली कीं पंढरपूर डोळ्यांपुढें येतें. परंतु दर्यापूरहि चंद्रभागेच्या कांठीं आहे. वरदा म्हणजे आमची वर्धा खरी, पण वनवासीजवळून तुंगभद्रेस जाणारी कर्नाटकांतील वरदाहि संस्कृत लेखांत येते. गंगा हा शब्द तर सर्वांत फसवा. महानुभावीय वाङ्मयांत गंगातीर म्हणजे गोदातीर. आणि पैनगंगा, वैनगंगा ह्याहि आपापल्या प्रदेशांत ‘गंगा’च होत.

प्रदेशनामांत बालाघाट अग्रगण्य आहे. वऱ्हाडचा बालाघाट वर सांगितला. अहमदनगर-बीड-धाराशिवकडील डोंगररांगहि बालाघाट. कर्नाटकाचेहि बालाघाट व पाइनघाट असे दोन भाग होते. आणि मध्यप्रदेशांत बालाघाट नांवाचा जिल्हा आहे. पेशवाईच्या कागदांत नुसतें ‘पाइनघाटीं फौज उतरली’ असें असलें, तर मागचेंपुढचें मुक्कामाचें गांव पाहिल्यावांचून ती वऱ्हाडांत उतरली कीं कर्नाटकांत, हें सांगतां येत नाहीं. गांवांच्या नांवांचीहि तीच गत. अमरावती जिल्ह्यांतच अंजनगांव सुर्जी व अंजनगांव बारी अशीं दोन आहेत. पहिलें पाइनघाटांत, डोंगराच्या दिशेस, जेथें ३० डिसेंबर १८०३ रोजीं शिंद्यांचा तह झाला, दुसरें बडनेऱ्याजवळ.

६. समुद्र नसलेल्या देशांतील बेटें

वऱ्हाडास समुद्र नाहीं, म्हणून बेटेंहि नाहींत, असें म्हणणें वरवर खरें आहे. पण दोन प्रकारचीं बेटें येथें आहेत, व दोहोंचा पुराणवस्तूंशीं संबंध आहे.

पहिलें खडकाचें. सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून निघालेल्या लाव्ह्याचे थरावर थर बसून दख्खनचा काळा फत्तर झाला. वऱ्हाडाचा बहुतेक भाग त्यानें व्यापिला आहे. या काळ्या फत्तराच्या समुद्रांत कोठें कोठें त्याच्याहि पूर्वींचे खडक उघडे पडले आहेत. मोर्शी तालुक्यांत साळबर्डीच्या डोंगरांत असे प्राचीन थर दिसतात, व तेथें डायनासोरांचे अवशेषहि मिळाले आहेत. यवतमाळाकडे वणीच्या बाजूस कोळशाचे थर आहेत तेहि काळ्या फत्तराहून जुने. साळबर्डी महानुभावांस वंद्य आहे. श्रीचक्रधरांच्या एकांतवासाचें तें स्थान. काळ्या फत्तराच्या मुलुखांत वेगळ्या दगडाची मूर्ति किंवा वीरगळ सांपडला, तर तो दगड कोठून आला हें विचारावें. जवळच्या अशा खडकबेटांतून आला, कीं दूरच्या प्रदेशांतून गाड्यावर आला, यावरून मूर्तिकारांच्या येण्याजाण्याचा मार्ग लागूं शकतो.

दुसरें मातीचें. पूर्णेकांठच्या खोल काळ्या जमिनींत बांधकामास दगड नाहीं. घरें मातीचीं, गढ्या मातीच्या. पिढ्यानुपिढ्या जुनें घर पडे, त्यावरच नवें उठे. अशा रीतीनें गांवाखालची जागा उंचावत गेली. जुन्या घरांची मुरलेली माती पांढरट पडते, म्हणून गांवठाणास पांढरी व शेतास काळी म्हणतात. महजरांत गांवच्या वतीनें ‘समस्त पांढरी’ साक्षीस उभी राहते, ती हीच. पावसाळ्यांत काळीचा चिखल होऊन वाटा बंद झाल्या म्हणजे हीं पांढरीचीं टेंकाडें बेटांसारखींच उभीं असतात. ओसाड पांढरीवर खापरें, नाणीं, मणी मिळतात हें संग्राहक जाणतात. पण तीच पांढरी माती भिंतींस व शेतास चांगली म्हणून गाड्या भरभरून नेली जाते. एक टेंकाड असें उपसलें गेलें म्हणजे अनेक शतकांचा लेख पुसला जातो.

७. सूचना

वरील विवेचनावरून वऱ्हाडाच्या कागदांची यादी करणाऱ्यांस आम्ही चार गोष्टी सुचवितों. पहिली, प्रत्येक नोंदींत गांव, परगणा व सरकार यांबरोबर तो गांव मेळघाट, पाइनघाट, बालाघाट किंवा वर्धातट यांपैकीं कोठला, हें एका शब्दानें लिहावें. दुसरी, नदीचें नांव आल्यास ती कोणत्या मोठ्या नदीस मिळते तें लिहावें. ‘पूर्णा, तापीकडील’ किंवा ‘पूर्णा, गोदावरीकडील’ एवढ्यानें भागतें. तिसरी, सीमेच्या वर्णनांत आलेले ओढे, टेंकड्या, खारीं-गोडीं पाणीं, दगडाचे रंग हे भरताड समजून गाळूं नयेत; स्थलनिर्णयाचा आधार बहुधा तेथेंच असतो. चवथी, डोंगराचें नांव आजच्या नकाशावरून न लावतां त्याच कागदांतील नद्यांवरून लावावें.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. मोर्शी तालुक्यांत सिंभोरा येथें वर्धेवर धरण होऊन नल-दमयंती सागर झाला. शेतीस व शहरांस त्याचा मोठा आधार आहे, यांत वाद नाहीं. पण जलाशयाखालीं कित्येक गांवांच्या पांढऱ्या गेल्या. गांव उठलें म्हणजे त्याचें दप्तरहि उठतें; पाटील-कुळकर्ण्यांच्या घरचे रुमाल कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटींत जातात, आणि ज्या ओढ्याचा व टेंकडीचा त्यांत उल्लेख असतो ती दाखविणारा मनुष्यहि दुसरीकडे राहावयास जातो. अशा कागदांतील ‘नदीच्या वळणावरचा आंबा’ आतां पाण्याखालीं आहे. तो कोठें होता हें सांगणारीं माणसें अद्यापि हयात आहेत. वर्धाकांठच्या ज्या गृहस्थांजवळ असे रुमाल असतील त्यांनीं त्यांतील सीमांचीं वर्णनें वृद्धांस वाचून दाखवून स्थळें निश्चित करून घ्यावींत, व तीं कागदाबरोबरच लिहून ठेवावींत, अशी आमची विनंति आहे. तिवसा तालुक्यांतील वर्धाकांठच्या गांवांपुरतें हें काम आम्हीं आरंभिलें आहे. इतर तालुक्यांतील अभ्यासकांनीं आपापल्या खोऱ्याचा भार उचलावा.